दामले सरांची बाविसावी ओळ

साल २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या एका शब्दानं शेजारचा माणूस मेला, असं मला दोन दिवस वाटत होतं.

हा शेजारी म्हणजे दामले सर. ते भेंडी घ्यायला आले की भाजीवाला टोपली मागं ओढायचा. एक भेंडी मोडून सर म्हणायचे, "यह ताज़ी है, मान लिया. बाकी का क्या सबूत?" मग एकेकीचं टोक मोडत बसायचे. युनिव्हर्सिटीत शुद्ध गणित शिकवून रिटायर झालेले, घरात एकटे. शुद्ध म्हणजे काय, मी विचारलं होतं. म्हणाले, ज्याचा कुणाला उपयोग नाही ते.

मी साताऱ्याकडचा जाधव, फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवला. पोरगा इकडं उत्तरेत अमौसीच्या विमानतळावर नोकरीला, म्हणून इथल्या वृंदावन योजना कॉलनीत आलो. इथं मराठी बोलायला आम्ही दोघंच. माझी नातसुद्धा मला हिंदीत उत्तर देते.

एक दिवस सरांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं आणि खडू घेऊन फळ्याकडं वळले. त्यांच्या तीस वर्षांपूर्वीच्या पेपरावर बंगळूरची एक मुलगी तिची पीएचडी उभी करत होती. सरांना कुत्र्याची भीती नाही, चोराची नाही. भीती एकच, की आपल्या मागं काही चुकीचं राहून जाईल. म्हणून तो पेपर पुन्हा कुणाला तरी मोठ्यानं सांगून बघायचा होता.

मी म्हटलं, सर, मी चौथी पास.

"म्हणूनच," सर म्हणाले. "शिकलेला माणूस मान हलवतो."

हे मला पटलं. मी उगाच मान हलवत नाही. सुभेदारसाहेबांपुढं हलवली नाही, आणि त्याची शिक्षा पण भोगली.

गणित मला काय कळणार. पण कॉन्व्हॉय कळतो. धुक्यात गाड्या चालल्या की मागच्याला पुढच्याचा लाल दिवा दिसला पाहिजे. नाही दिसला की थांबायचं, मागून कोण का हॉर्न मारेना. मी तेवढंच बघायचो, ही ओळ मागच्या ओळीतून आली का? सर कारण सांगायचे, मी "हां, चला" म्हणायचो. रोज अकराला, असे आठ दिवस. बाविसाव्या ओळीला सर म्हणाले, "हे उघड आहे," आणि पुढं निघाले.

मी म्हटलं, थांबा. कसं उघड?

"अहो, उघड म्हणजे उघड."

"मला दिवा दिसत नाही."

सर हसले. फळ्याकडं वळले. मग हात तसाच वर धरून उभे राहिले. वळले तेव्हा तोंडावर रक्त नव्हतं. "तुम्ही घरी जा, जाधव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला माझ्या गेटाशी आला. "बाबूजी, प्रोफेसर साहब दूध नहीं उठा रहे." जाऊन बघतो तर दारात दोन पिशव्या फुगून पडलेल्या. बेल वाजवली, आत चिटपाखरू नाही. म्हटलं, सर गेले, आणि माझ्या त्या 'थांबा'नं गेले. गप मान हलवली असती तर माझं काय जाणार होतं?

दार बडवत म्हटलं, उघडा, नाहीतर मोडतो. बऱ्याच वेळानं कडी निघाली. सर उभे होते, दाढी वाढलेली, हातात तोच पेपर.

चूक खरी निघाली होती. त्या बंगळूरच्या मुलीला कळवायचं, पेपर मागं घ्यायचा, एवढंच उरलं होतं, आणि तेच होत नव्हतं. मी चिडलो. म्हटलं, तिची गाडी पण दरीत घालणार का?

सरांनी शेवटचं पान माझ्यापुढं धरलं. इंग्रजी मला येत नाही. खाली बारीक अक्षरात आभार होते, तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"ही सुमती, माझी बायको. तेव्हा हिलाच समोर बसवून सांगितलं होतं. आजारी होती. बाविसाव्या ओळीला म्हणाली, हो हो, उघडच आहे, आता जेवून घ्या." मग म्हणाले, "छापलेलं तिचं नाव एवढ्या एकाच जागी आहे, जाधव."

मी आत जाऊन चहा टाकला. चहा झाल्यावर सर कॉम्प्युटरवर मुलीला पत्र लिहायला बसले. एकेक ओळ मला मराठीत सांगायचे, मी "हां, चला" म्हणायचो. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकराची वाट बघितली नाही. सहालाच गेलो, पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायला फळा पुसला, तळाशी आभारांच्या जागी माझ्या चौथीतल्या अक्षरात 'सुमती' असं लिहिलं, आणि खुर्चीत बसून सरांना म्हटलं, हां, चला.