भुताळी नगरांची सहल, नाश्त्यासकट

एका जंगलात कुणालाच भीती वाटेनाशी झाली होती. नीट ऐका बाळांनो, आणि मध्ये मध्ये बोलू नका.

तसा तिथे वाघ होता. पण त्याच्या गळ्यात पट्टा होता. सकाळी सहा ते नऊ तो पाणवठ्यावर बसून माणसांना फोटो काढू द्यायचा आणि मग दिवसभर झोपायचा. त्याला पाहून हरणंसुद्धा वाट बदलत नसत. लांडग्याला वैद्याने पथ्य सांगितलं होतं. अजगर ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामात बुडाला होता.

असं जगणं फार सुखाचं असतं. पण सुखाचा दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा येतो. तसा तो आला.

त्या जंगलात झुंबर नावाचा कोल्हा होता. आधी तो प्लॉट विकायचा, मग योगवर्ग घ्यायचा. एके दिवशी त्याने पिंपळाखाली फळा लावला. फळ्यावर लिहिलं होतं, 'भुताळी नगरांची सहल. तीन नगरं, अकरा दिवस. भूत हमखास. नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि गरम पाणी समाविष्ट.'

संध्याकाळपर्यंत पिंपळाखाली उभं राहायला जागा उरली नाही. सगळ्यांत पुढे बापूसाहेब वानर बसले. ते टोळीच्या प्रमुखपदावरून नुकतेच निवृत्त झाले होते आणि जिथे जातील तिथे अध्यक्ष असल्यासारखे बसत. त्यांच्या शेजारी भीमाबाई अस्वल. जंगलात त्यांच्याएवढं वजनदार दुसरं कुणी नव्हतं आणि मनाने त्यांच्याएवढं मऊही कुणी नव्हतं.

"पहिलं नगर मुंजाबाद. तिथे नक्की काय आहे?" बापूसाहेबांनी विचारलं.

"मुंजा. पिंपळावर असतो. बघणाऱ्याला झपाटतो," झुंबर म्हणाला.

"ते झपाटलेलं किती वेळ राहतं? नंतर लगेच बसमध्ये बसायचं असेल ना."

"दहा मिनिटं. तसं आपण बोलून घेतलंय."

"आणि हडळनगर?"

"तिथे विहिरीतून हडळ वर येते. उलट्या पायांची."

"तिकडचं जेवण तिखट असतं म्हणे," भीमाबाई काळजीने म्हणाल्या.

"आपला आचारी बरोबर असतो, बाई. हडळनगरातसुद्धा सकाळी पोहेच मिळतील."

इथे टाळ्या पडल्या. मग मागून एका सशाने विचारलं, भुतं तर रात्री निघतात, तर जागरण करावं लागेल का?

"आपण साडेपाचची वेळ घेतली आहे," झुंबर म्हणाला. "सातला जेवण असतं."

तिसरं नगर होतं ओसाडपूर. तिथे काय आहे ते सांगायला झुंबर तयार होईना. एवढंच म्हणाला की दुसऱ्या जंगलाच्या मागच्या सहलीतले दोन ससे तिथून आल्यावर तीन दिवस जेवले नव्हते.

"मग त्यांच्या वाटणीचं जेवण काय केलंत?" भीमाबाईंनी विचारलं. प्रश्न योग्यच होता. बसच्या जागांचे नंबर लवकरच कळतील असं सांगून झुंबरने सभा संपवली.

आता या जंगलाची एक खोड सांगतो. कुठेही आकडा दिसला की इथे सगळे त्याच्यामागे रांग लावत. आकडा कसला, हे विचारायची पद्धत नव्हती. जो विचारायला जाई, त्याची रांगेतली जागा तेवढ्यात मागच्याने घेतलेली असे.

दोन दिवसांनी दोन माणसं आली. एकाच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्याच्या हातात टेप आणि वही. झाडाच्या बुंध्याला टेप लावायचा, साल थोडी सोलायची आणि तिथे आकडा घालायचा, असं त्यांचं काम दिवसभर चाललं. बापूसाहेबांच्या ऐनाच्या झाडावर एक नंबर आला. त्यांची मान तेव्हा जी ताठ झाली ती नंतर खाली आलीच नाही. भीमाबाई ज्या मोहाखाली झोपत त्याला बारा आला. आकडे एकशे छप्पन्नपर्यंत गेले.

झुंबर हे करवंदीच्या जाळीआडून बघत होता. त्याने कुणाला रंग लावायला सांगितलं नव्हतं. पण काम आयतं होत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

"आमचीच माणसं ती," तो बाहेर येऊन म्हणाला. "आपल्या झाडावरचा आकडा तीच आपली बसमधली जागा."

झालं. जो तो आपल्या आकड्यासमोर उभं राहून फोटो काढून घेऊ लागला. ज्यांची झाडं राहिली ते तोंड पाडून बसले. नामू साळिंदर तर बिळात राहणारा, त्याच्याकडे झाडच नव्हतं. तो दोन दिवस रडला. शेवटी झुंबरने त्याला ड्रायव्हरशेजारचं स्टूल देऊ केलं, तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली घास उतरला.

रांगेत न लागलेला एकच जण होता. त्याचं नाव धनेश.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला माहीत नसेल. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नर बाहेरून उंबरं आणून तिला आणि पिल्लांना भरवतो. या धनेशाची बायको गोदा एका बेहड्याच्या ढोलीत होती. पिल्लू चार दिवसांचं होतं. आणि त्या बेहड्यावर सदतीस नंबर पडला होता.

ती दोन माणसं बेहड्याखाली विडी ओढत बोलली ते धनेशाने ऐकलं होतं. तो तसाच पिंपळावर आला.

"ते आकडे बसचे नाहीत," तो म्हणाला. "माणसं म्हणत होती, सोमवारपासून घेऊ. दोन मशीन लागतील."

"सहल सोमवारीच निघते," बापूसाहेब म्हणाले. "सगळं जुळतंय. मशीन म्हणजे बस."

"बस तीन आहेत."

"एक मागाहून ठरली असेल. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तुमची सवय जात नाही बघा."

धनेश भीमाबाईंसमोर जाऊन बसला. "भीमाबाई, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. सोमवारी फक्त बेहड्याखाली उभ्या राहा. मागच्या दोन पायांवर. एकदा ओरडा. अस्वल उभं राहिलं की माणसं पळतात, मी पाहिलंय. चार वेळा पळाली की पाचव्यांदा येत नाहीत. बापूसाहेबांच्या टोळीने वरून आरडाओरडा केला तर आणखी बरं. गोदाला पिसं यायला तीन आठवडे आहेत. तेवढेच दिवस काढायचेत."

भीमाबाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्यांची बॅग भरून झाली होती.

"अहो, मी घाबरवायला कशी थांबू?" त्या म्हणाल्या. "मी घाबरायला निघालेय. आल्यावर बघू ना आपण. अकराच तर दिवस."

"आणि एक लक्षात ठेवा," झुंबर जरा चिडूनच म्हणाला. "मंडळी भीतीसाठी एवढ्या लांब चालली आहेत आणि तुम्ही ती इथे पारावर बसून वाटताय. धंद्याची काही रीत असते."

बापूसाहेबांनी ठराव मांडला की सहलीपूर्वी कुणीही घबराट पसरवू नये, त्याने सहलीची मजा जाते. ठराव एकमताने मंजूर झाला. धनेश तोवर उंबरं आणायला गेला होता.

सोमवारी सकाळी तीन बस निघाल्या. जंगलाच्या तोंडाशी वाट अरुंद आहे. समोरून दोन मोठी पिवळी यंत्रं येत होती. बसवाल्याने शिस्तीत बाजू दिली. खिडकीतल्या माकडांच्या पोरांनी यंत्रांना टाटा केला आणि यंत्रावरच्या माणसानेही हात हलवला.

सहल कशी झाली म्हणाल, तर बरी झाली. मुंजाबादचा मुंजा साडेपाचला यायचा तो सहाला आला आणि डुलक्या घेत होता. नामू साळिंदराला तो झपाटायला गेला आणि काटे टोचून परत फिरला. हडळनगरातली हडळ रडली छान, पण तिचे पाय सरळ निघाले. बापूसाहेबांनी तिथल्या तिथे तक्रार लिहिली. 'सभेत उलटे सांगितले होते. प्रत्यक्षात सरळ आहेत. सबब आमची फसवणूक झाली आहे.' हडळीने वाचून माफी मागितली.

शेवटी ओसाडपूर आलं. तिथे वाडे नव्हते, विहीर नव्हती, पिंपळही नव्हता. उजाड मैदानावर दूरवर खुंटच खुंट होते. एका खुंटावर म्हातारं घुबड बसलं होतं. तेच तिथलं गाइड.

"भूत कुठंय?" भीमाबाईंनी विचारलं.

"बघताय तेवढंच आहे," घुबड म्हणालं. "इथे जंगल होतं. झाडांवर आकडे पडले. राहणारे तेव्हा बाहेरगावी गेले होते."

नामू खुंटांमधून फिरत होता. तो एकदम खूश होऊन ओरडला, "अहो, इथे पण नंबर आहेत. म्हणजे यांचीही सहल गेली होती."

"कुठे गेली होती हो?" भीमाबाईंनी कौतुकाने विचारलं. घुबडाने डोळे मिटून घेतले.

सर्वांच्या मते ओसाडपूर हा सहलीतला सगळ्यांत रद्दड भाग होता. ते दोन ससे तीन दिवस का जेवले नाहीत, ते कुणालाही कळलं नाही. पोह्यांनाच काहीतरी झालं असावं, असं ठरलं.

अकराव्या दिवशी दुपारी बस थांबल्या. "उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"इथे कुठे? आम्हाला घरी जायचंय," बापूसाहेब म्हणाले.

"हेच ते."

ते उतरले. ऊन थेट डोक्यावर पडलं. त्या जागी जमिनीवर इतकं ऊन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आकडे टाकलेली झाडं गेली होती, आणि यंत्रांना वाट हवी म्हणून बिनआकड्यांचीही गेली होती. बापूसाहेबांना एक नंबरचा खुंट सापडला. ते त्यावर बसले, पुन्हा उठले, मग शेजारी जमिनीवर बसले. पोरं आयांना बिलगून आपापल्या झाडाचा नंबर ओरडत होती. नामूचं बीळ चाकाखाली दडपून गेलं होतं.

तेव्हा बाळांनो, त्या सगळ्यांना भीती वाटली. खरी भीती. अकरा दिवस हिंडून मिळाली नव्हती ती घरी आल्या आल्या मिळाली. मला त्यांची दया यायला हवी. पण मला अजून रागच येतो.

भीमाबाई सदतीस नंबर शोधत धावल्या. बेहड्याचा खुंट त्यांना सापडला. शेजारी वाळलेल्या चिखलाचे दोन-चार तुकडे पडले होते. गोदाचं काय झालं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

भीमाबाई त्या खुंटापाशी मागच्या दोन पायांवर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. असा आवाज त्यांच्या नरड्यातून पूर्वी कधी निघाला नव्हता.

लगेच पलीकडून किंकाळ्या ऐकू आल्या. मग टाळ्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती. दोरीपलीकडे दुसऱ्या कुठल्याशा जंगलातली मंडळी टोप्या घालून उभी होती. त्यांच्यापुढे हातात छत्री घेतलेला कोल्हा होता. तो झुंबरचा मेहुणा.

"फार फार वर्षांपूर्वी," मेहुणा सांगत होता, "म्हणजे गेल्या मंगळवारी, इथे जंगल होतं. हे समोर दिसतात ते तिथले आत्मे. घर शोधत फिरतात. ती मोठी उभी राहते ना, ती अस्वलीण. घाबरू नका, ती दोरी ओलांडत नाही."

"आम्ही जिवंत आहोत," बापूसाहेब ओरडले.

"असं सगळेच म्हणतात," मेहुण्याने हळूच सांगितलं. मंडळींच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात वरून धनेश आला. चोचीत उंबर होतं. तो खुंटाभोवती एक घिरटी मारून, जिथे ढोलीची फट असायची तेवढ्या उंचीवर हवेत क्षणभर फडफडला आणि परत गेला.

"हा रोज येतो," मेहुणा म्हणाला. "कुणासाठी, ते जेवण झाल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर जेवण जाणार नाही."

झुंबर मेहुण्याशी दोन मिनिटं बाजूला बोलून आला आणि भीमाबाईंपाशी उभा राहिला. त्याचा आवाज फार मायेचा झाला होता.

"भीमाबाई, झालं ते झालं. पण आत्ता जशा उभ्या राहिलात, तसं रोज साडेपाचला जमेल का? बापूसाहेबांना खुंटावर बसवू. नामूला नुसतं रडायचंय. राहायची सोय आपल्याकडे."

भीमाबाई बराच वेळ खुंटाकडे बघत होत्या. माणसांसमोर चार वेळा उभं राहायचं होतं, ते राहून गेलं होतं. आता रोज उभं राहायचं होतं.

"नाश्ता असतो ना?" त्यांनी खाली बघत विचारलं.

दोरीपलीकडे मंडळी बसकडे निघाली होती. एक तरसीण आपल्या मैत्रिणीला सांगत होती, "पुढच्या वेळची माझी जागा आत्ताच पक्की झाली. आमच्या झाडावर कालच आकडा पडला. चौदा. खिडकीजवळची येईल बहुतेक."

तात्पर्य : आपल्या झाडावर आकडा पडला तर तो कसला, असं विचारू नये. मुकाट्याने बॅग भरावी. भीती घरच्या घरी वाटून घेतली तर झाड वाचायचं आणि सहल चुकायची.