जिवंत हाफ-फॉरवर्डला श्रद्धांजली

तरुण खेळाडू कसा घडवावा हे जगात फार थोड्या माणसांना कळतं. त्यांतला एक मिल्टन कीन्समध्ये, राउंडअबाउटला लागून असलेल्या एका सेमी-डिटॅच्ड घरात राहतो, असं माधव हर्डीकरांचं नम्र मत होतं. बाकीचे कोण, हे त्यांना अजून आढळलं नव्हतं.

खेळ कुठला, तर ऑस्ट्रेलियन फुटबॉल. २००१ साली कंपनीने माधवरावांना दोन वर्षांसाठी मेलबर्नला धाडलं होतं. तिथे ऑफिसातल्या एकाने त्यांना ब्रॅकन हिल फुटबॉल क्लबच्या मॅचला नेलं. मैदान क्रिकेटचं, चेंडू हापूसच्या घाटाचा, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि छत्तीस धिप्पाड माणसं त्या एका हापूससाठी एकमेकांच्या खांद्यांवर चढताहेत! ब्रॅकन हिल ती मॅच ब्याण्णव गुणांनी हरला. हरणाऱ्यांबद्दल माधवरावांना पहिल्यापासून ओढ. ते घरी आले ते क्लबचे होऊनच. पुढे मेलबर्नचं प्रोजेक्ट संपलं, इंग्लंडचं आलं. व्हिसा बदलला, निष्ठा बदलली नाही.

शनिवारी पहाटे इंटरनेटवर कॉमेंट्री ऐकायची आणि रविवारी समर्थकांच्या फोरमवर लिहायचं, हा नेम. तिथे त्यांनी नाव घेतलं होतं 'हितचिंतक'. ऑस्ट्रेलियन माणूस कुठलंच नाव पूर्ण उच्चारत नाही, त्यामुळे आठवड्याभरात त्यांचा 'हिच' झाला. हिचचा विषय एकच. क्लबची धडपडणारी पोरं.

आता माधवराव ज्या घरात वाढले, तिथे कौतुक परक्यांचं करायचं असतं. शेजारच्या बंड्याला सत्तर टक्के पडले की त्याला पेढा. माधव बोर्डात आला, तेव्हा वडील गुणपत्रिका खालीवर बघून म्हणाले, "अक्षर सुधार." त्या दोन शब्दांत किती माया होती, हे कळायला मराठी असावं लागतं. ब्रॅकन हिलचे समर्थक मराठी नव्हते.

क्लबातली जी पोरं माधवरावांच्या खिजगणतीतही नव्हती, त्यांना ते 'उज्ज्वल भविष्य' वगैरे लिहून मोकळे होत. पण ब्रेडन कॉस्टिगन या पुढच्या फळीत खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या हाफ-फॉरवर्डवर त्यांचा जीव जडला, आणि पोराचं कंबरडं मोडलं. 'कॉस्टिगनचे हात म्हणजे चाळण आहे.' 'डावा पाय त्याला केवळ तोल सांभाळण्यासाठी मिळालेला दिसतो.' 'चेंडू येताना दिसला की हा मुलगा दारात वर्गणीवाले आल्यासारखा आत जातो.' डावा पाय कॉमेंट्रीत ऐकू येत नाही, हे खरं. माधवरावांना यायचा.

फोरमला हे सगळं फार आवडलं. "हिच बरोबर बोलतो, काढा त्याला!" असा गजर सुरू झाला. २००५ च्या अखेरीस क्लबने ब्रेडनला खरोखरच काढलं. त्या दिवशी माधवराव जेवले नाहीत.

"कोणी गेलं का?" त्यांच्या बायकोने, मीनाक्षीने विचारलं.

"एका अर्थी," माधवराव म्हणाले, आणि पांघरूण घेऊन पडले.

पुढच्या ऑक्टोबरात मीनाक्षीने जाहीर केलं, "रविवारी आपल्या मालविकाच्या शाळेतला खेळाचा, पीईचा सर जेवायला येतोय. टेम्पररी आहे, दोन वर्षांच्या व्हिसावर आलाय. परमुलखात एकटं पोर, रोज बीन्स-ऑन-टोस्ट खातं म्हणे!"

रविवारी दुपारी दारातल्या तोरणाखालून वाकून सहा फूट तीन इंचांचा ब्रेडन कॉस्टिगन आत आला.

क्लबच्या वेबसाइटवर बघून पाठ झालेला तो चेहरा दारात दिसला, तेव्हा माधवरावांच्या हातात वरणाचं भांडं होतं. त्यातलं निम्मं गालिच्यावर गेलं.

"बाबा!" बारा वर्षांची मालविका परदेशी शाळांत मोडलेल्या मराठीत ओरडली. "सर समोर काय करतो तू!"

ब्रेडनने जेवणावर आडवा हात मारला. श्रीखंड तिसऱ्यांदा घेतलं. मग मीनाक्षीने आईच्या मायेने चौकशी केल्यावर तो मोकळा झाला. त्याच्या जुन्या क्लबचं पत्र आलं होतं. नोव्हेंबरात सरावाला ये, तग धरलास तर पुन्हा संघात घेऊ. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"मग जाणार ना?"

"नाही बहुतेक," ब्रेडन म्हणाला. "फोरमवर एक माणूस आहे. माझ्याबद्दल लिहायचा. मी सगळं वाचायचो. पाठच झालंय." आणि त्याने शांतपणे म्हणून दाखवलं. चाळण झाली. वर्गणी झाली. डाव्या पायावरचे तर तीन परिच्छेद झाले. "मैदानात उतरलो की तेच कानात. आता परत जायचं म्हणजे परत तो."

"कोण मेला तो?" मीनाक्षी कडाडली.

"हिच म्हणतात. पूर्ण नाव अवघड आहे. हिट-चिन-टॅक."

मीनाक्षीचा डाव हवेतच राहिला. ती हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"अहो."

"तू भात वाढ," माधवराव ताटाकडे बघत म्हणाले.

पाहुणा गेल्यावर जे झालं त्याला संभाषण म्हणता येणार नाही.

"लोकाच्या पोराला असं बोलतात?"

"लोकाचा नाही, म्हणूनच बोललो!"

"ते त्याला कसं कळणार? मी सतरा वर्षं या घरात आमटी करतेय. एकदा तरी चांगली झाली म्हणालात?"

"तीन वाट्या घेतो ना!"

"मी मोजते म्हणून मला कळतं. तो पोरगा काय मोजणार? ते काही नाही. उद्या बसा आणि त्याच्याबद्दल चांगलं लिहा. शुक्रवारच्या आत!"

सोमवारी लंच-अवरमध्ये माधवराव लिहायला बसले, आणि अडचण लक्षात आली. आपल्या माणसाबद्दल चांगलं त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. नाही म्हणायला एक प्रकार त्यांच्या हातचा होता. ते मिल्टन कीन्स मराठी मित्रमंडळाचे चिटणीस होते आणि मंडळाचे शोकप्रस्ताव तेच लिहीत. अतुल बापटांचे सासरे नाशकात वारले, तेव्हाचा प्रस्ताव ऐकून त्यांना कधीही न पाहिलेली तेवीस माणसं रडली होती. खुद्द बापट म्हणाले होते, "माधव, सासरे इतके चांगले होते हे मला माहीतच नव्हतं रे!"

लेखणी आपोआप त्या वळणाने धावू लागली. इंग्रजीत, पण वळण तेच.

'ब्रेडन कॉस्टिगन आज आपल्यात नाही. तो होता तेव्हा आपण त्याची कदर केली नाही, ही खंत जन्मभर राहील. इतका निगर्वी, हसतमुख मुलगा ब्रॅकन हिलला पुन्हा लाभणे नाही. मी त्याच्यावर फार अन्याय केला. काल मिल्टन कीन्समध्ये मला त्याचं दर्शन घडलं. चेहऱ्यावर विलक्षण शांती होती.'

ती शांती श्रीखंडाची होती, हे लिहायचं राहून गेलं.

माधवरावांनी एकदा वाचलं. डोळे पाणावले. पाठवून दिलं, आणि डबा उघडला.

मंगळवारी सकाळी फोरमवर दोनशे बारा उत्तरं होती. 'काढा त्याला' म्हणणारे झाडून सगळे आले होते. कोणी म्हणत होतं, त्याच्यासारखे हात झाले नाहीत. कोणी म्हणत होतं, तो डावा पाय म्हणजे कविता होती. एकाने सुचवलं की मैदानाच्या दक्षिण दरवाजाला त्याचं नाव द्यावं. दुसऱ्याने विचारलं, पश्चिमेचा मोठा आहे, तो का नको? बुधवारी क्लबच्या खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधून एक मिनिट स्तब्धता पाळली.

शाळेतून आलेली मालविका दारातच उभी राहिली. "बाबा, मिस्टर कॉस्टिगनचा आई ऑस्ट्रेलियाहून शाळेला फोन केला. ती रडत होता. मग सर बोलला तर ती ओरडली, फोन का नाही करत म्हणून. सगळे म्हणतात कोणीतरी इंटरनेटवर सरला मारला. तू नाही ना?"

माधवरावांनी धावत जाऊन फोरम उघडला. तिथे ब्रेडनच्या आईने स्वतः लिहिलं होतं, 'माझा मुलगा मेलेला नाही. तो मिल्टन कीन्समध्ये आहे.'

त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'फरक स्पष्ट करा.'

आता आपण खुलासा केलाच पाहिजे, असं माधवरावांनी ठरवलं. घाईघाईत त्यांनी लिहिलं, 'ब्रेडन कॉस्टिगन मरण पावल्याची बातमी चुकीची आहे, याबद्दल मला अत्यंत खेद वाटतो.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'हिच, पोराला थोडं तरी सोड रे.'

गुरुवारी चार वाजता बेल वाजली. दारात ब्रेडन. हातात फोरमच्या कागदांचा गठ्ठा. मीनाक्षीने त्याला आत घेतलं, चहा ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"ब्रेडन," माधवराव उभे राहून म्हणाले, "तो माणूस... मी आहे."

"माहितीये. रविवारीच कळलं. तुम्ही वरण सांडलंत."

ब्रेडनने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मला एकच विचारायचंय," ब्रेडन म्हणाला. "हे चांगलं लिहिलंय, ते खरं आहे?"

माधवरावांनी कागदाकडे पाहिलं. "ते जरा... पद्धतीचं आहे. आमच्याकडे सगळ्यांबद्दल तेच लिहितात."

"आणि वाईट?"

"वाईट सगळं मनापासून!"

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. पण माधवराव आता थांबेनात. "तू एकोणीस मॅचेस खेळलास. एकोणीसच्या एकोणीस मी ऐकल्या. तू ज्या दिवशी संघात नसायचास, त्या दिवशी पहाटेचा गजर लावला नाही. त्या दुसऱ्या पोरांबद्दल मी छान छान लिहिलंय ना? त्यांतल्या एकाचंही नाव आज आठवत नाही. तुझा डावा पाय मला झोपू देत नाही रे!"

ब्रेडनने कागद बाजूला सारले. मग त्याने बॅगेतून लंबगोल चेंडू काढला. "डाव्या पायाचं काय करायला हवं? दाखवा."

पाच वर्षं माधव हर्डीकर या खेळावर अधिकारवाणीने लिहीत होते. चेंडू हातात घेण्याची ही पहिलीच वेळ. पण वेळ आली की माघार घ्यायची नाही. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी स्थान घेतलं, घोटा, गुडघा आणि कंबर यांच्या नात्याबद्दल चार वाक्यं बोलले, चेंडू सोडला आणि डावा पाय हाणला.

चेंडू जागेवर पडला. चप्पल कुंपणावरून शेजाऱ्यांच्या काचेच्या खोलीच्या, कंझर्व्हेटरीच्या छपरावर गेली. पाठोपाठ माधवराव गवतावर, उताणे.

मालविका म्हणाली, "बाबा, तुझी हात चाळणी आहे."

ब्रेडन हसायला लागला. इतका हसला की कुंपणाला धरून खाली बसला. "याचं!" तो म्हणाला. "मी दोन वर्षं याचं ऐकत होतो!" मग त्याने माधवरावांना एका हाताने उचलून उभं केलं, पाठीवरचं गवत झाडलं, आणि शुक्रवारी क्लबला 'येतो' म्हणून कळवलं.

नोव्हेंबरात तो गेला. मालविका आठवडाभर बापाशी बोलली नाही. तिचा नेटबॉलचा संघ शेवटून पहिला आला.

एप्रिलमध्ये एका शनिवारी पहाटे पाचला तिघंही कॉम्प्युटरसमोर चहा घेऊन बसली. ब्रेडनला शेवटची अकरा मिनिटं मिळाली. चेंडू दोनदा त्याच्याकडे आला. एक सुटला. एक त्याने धरला आणि डाव्या पायाने खांबांमधून बरोबर मधोमध मारला. मीनाक्षीने टाळ्या वाजवल्या. माधवराव खिडकीबाहेर बघत होते.

"आता लिहा," मीनाक्षी म्हणाली. "चांगलं लिहा. जिवंत माणसाचं."

माधवराव बसले. पाऊण तास लिहीत आणि खोडत होते. विशेषणं सगळी काढली. खंत काढली. शांती काढली. शेवटी पाच शब्द उरले, ते श्वास रोखून पाठवले. 'कॉस्टिगन आज खरंच बरा खेळला.'

"बघ," ते खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "जमतं."

दोन मिनिटांत उत्तर आलं. मालविकाने पुढे वाकून वाचलं.

"बाबा, मिस्टर कॉस्टिगनचा आई विचारते, कुठला हॉस्पिटल?"