दिवसाला एकच लाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या बापूतात्यांनी परड्यात वाळूची गाडी ओतून घेतली आणि सारं गाव त्यांना हसलं, त्याला कारण मी.

तसं गावाला पहिल्यांदा वाटलं, तात्या बंगला बांधणार. येरळेच्या पात्रातली बारीक वाळू, तीही चाळून घेतलेली. दुसऱ्याच दिवशी रामा गवंडी ओळंबा घेऊन हजर.

"तात्या, बांधकाम कवा काढताय?"

"बांधकाम न्हाई रं. बसायला हाय."

रामाला हे कळेना. चार दिवसांनी तो पुन्हा आला, तर वाळू फावड्यानं सारखी केलेली, तिच्यावर पश्चिमेकडं तोंड करून दोन लोखंडी खुर्च्या, एकीवर तात्या, दुसरीवर हिराकाकी. दोघांचे पाय उघडे, घोट्यापर्यंत वाळूत. सूर्य कलला तशी काकी उठली, तांब्या उचलला आणि "आली बगा, आली!" असं ओरडून चारी पायांवर पाणी ओतलं. तात्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. रामा गवंडी ओळंबा गुंडाळून घरी गेला, तो पुन्हा काही विचारायला आला नाही.

ती लाट होती. दुष्काळाचे दिवस होते, पाणी टँकरचं. त्यामुळं दिवसाला एकच लाट, आणि तीही उताराने घेवड्याच्या आळ्यात जाईल अशी सोय केलेली. एकदा तात्यांनी तांब्यात चिमूटभर मीठ टाकायला सुरुवात केली. घेवडा आठवड्यात माना टाकून बसला. तेव्हापासून काकीनं मिठाला बंदी केली.

"समुद्र गोडा चालंल," ती म्हणाली, "पर भाकरीला कोरड्यास पायजे."

तात्या माझे चुलत चुलते. आमच्या गावात घरटी एक भाऊ शेतात आणि दुसरा मुलखात, म्हणजे गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध करून सोनाराला परत द्यायचं. तात्यांचं दुकान दूर दक्षिणेला, कालिकतला. तिथं भट्टीपुढं त्यांची निम्मी हयात गेली. त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते टंचात, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या मापात, मोजत. चहा नव्वद टंच. पाव्हण्याचं बोलणं साठ टंच. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणत, "निस्तं पितळ गड्या, वर मुलामा." आणि सूर्य बुडताना आकाश अगदी स्वच्छ असलं तर डोळे बारीक करून, काटा बघावा तसं बघत आणि निकाल देत, "आज साडेनव्याण्णव." ढग आले की म्हणत, "भेसळ हाय."

लग्न झाल्यावर मी बायकोला घेऊन त्यांच्या हाताखाली काम शिकायला कालिकतला गेलो, तेव्हा दोघांचा खरा समुद्र मी पाहिला. म्हणजे समुद्र कमी आणि दोघांनाच जास्त. संध्याकाळी भट्टी निवली की तात्या तेजाबाचा वास जाईपर्यंत अंग घासत, पांढरा सदरा घालत, आणि दोघं किनाऱ्यावर निघत. गावाकडं काकी त्यांच्या मागं दहा पावलं चालायची, डोईवर पदर, नजर खाली. इथं शेजारून चालायची. कधी कधी पुढंसुद्धा. एकदा तर मी तात्यांना तिच्या चपला हातात धरून चालताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात मला त्यांच्याकडं सरळ बघवेना. ते मात्र काही न झाल्यासारखे मूस तापवत बसले होते.

किनाऱ्यावरचा त्यांचा क्रम ठरलेला. आधी कैरी. तिखटमीठ लावून फोडी विकणारी एक म्हातारी होती. काकी तिच्याशी अस्सल विट्याच्या बोलीत भांडायची, म्हातारी तिच्या भाषेत. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसे, तरी भाव बरोबर ठरायचा आणि वर एक फोड जास्त मिळायची. मग ओल्या वाळूत उभं राहायचं. लाट येताना दिसली की तात्या बुजऱ्या बैलाला समजवावं तसे हात पुढं करत, "हळू रं माज्या राजा, हळू... हां, आता मागं." लाट मागं जायचीच. तात्या काकीकडं बघत, जणू त्यांनीच परतवली. काकीचं एकच गाऱ्हाणं होतं, "येवडं पानी, आन् हंडाभर न्यायच्या लायकीचं न्हाई. आमच्या गावाला द्यायला काय झालं हुतं देवाला?"

मला स्वतःला समुद्र कधी आवडला नाही. अंग चिकट होतं.

मग काही वर्षांनी आजी, म्हणजे तात्यांची आई, अंथरुणाला खिळली. आमच्यात रीत अशी की मालक गावी गेला तर भाऊबंदातला एक दुकानावर बसतो आणि मालक आला की चिमटा त्याच्या हातात देऊन बाजूला होतो. भट्टी थंड ठेवत नाहीत. तात्यांनी चिमटा माझ्याकडं दिला आणि दोघं गावी गेले. काकीनं गाडीत बसताना बजावलं, "आंबंवालीला सांग, म्हातारीचं बरं झालं की आलेच."

आजी दीड वर्षानं गेली. पुढच्या यात्रेला मी गावी गेलो तो वाटेतच घाबरलेला. माझा मुलगा तिथल्या शाळेत रुळला होता, तिथल्या पोरांशी त्यांच्या भाषेत भांडत होता. बायको दुकानाला 'आपलं दुकान' म्हणायला लागली होती. आणि खरं सांगायचं तर मीही.

जेवणं झाल्यावर तात्यांनी सुपारी कातरत विचारलं, "काय रं दत्तू, येऊ का आता?"

"तात्या, धंदा लय बसलाय. दोन घरांचं भागायचं न्हाई."

हे मी गाडीत पाठ करून आलो होतो.

"भागंल की. मला काय माडी बांधायचीय? दिसभर भट्टी, सांजचं आमचं आमी. तेवडं झालं की बास."

तेव्हा मला कळलं की धंद्याच्या भीतीनं हा माणूस थांबणार नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, ती सांजच न्हाई राहिली आता तिथं."

"म्हंजी?"

"काठाला दगडं टाकल्यात. ह्या टोकापासनं त्या टोकापातूर. वाळू दिसत न्हाई. बसायला जागा न्हाई."

काकी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आन् आंबंवाली?"

"ती बी गेली."

अशी मी जिवंत म्हातारी मारून टाकली. तात्यांनी हातातली सुपारी पुरी कातरली. मग अडकित्ता मिटून म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. तूच बस दुकानावर." मी परत गेलो, आणि पुढच्या आठवड्यात परड्यात वाळूची गाडी आली.

पुढच्या यात्रेला आलो तो ऐकलं की आमचा किनारा गावात चांगलाच गाजलाय. शेजारची सोनाबाई वाळूवर चादर अंथरून कुरडया घालायची. "किनाऱ्यावर मानसं असायचीच," म्हणून तात्या तिला जागा करून देत. सरपंचांच्या घरच्या एकानं दोन पाट्या वाळू उचलून नेली, तर तात्या कमरेवर हात ठेवून दारात उभे, "आमचा समुद्र कमी झालाय, भरून द्या." म्हाताऱ्या बाया नाकाला पदर लावत, नवराबायको अशी दिवसाढवळ्या खुर्चीला खुर्ची लावून बसतात म्हणून. काकी पदर सारखा करायची, पण खुर्ची हलवायची नाही.

आणि दरवर्षी यात्रेला मी गेलो की तात्या एकदा तरी, अगदी गंभीर चेहऱ्यानं, विचारणारच, "दगडं काढली का रं?"

"न्हाई अजून, तात्या."

"काढतील, काढतील. सरकारी काम हाय."

मग मला आपल्या खुर्चीवर बसवून तिसऱ्या माणसाची लाट म्हणून काकीला तांब्यात थोडं पाणी जास्त घ्यायला सांगत. माझ्या पायावर ते गार पाणी पडलं की मी पाय आखडून घ्यायचो. कालिकतला परतल्यावर मी किनाऱ्याचा रस्ता टाकून मागच्या गल्लीनं घरी जाऊ लागलो. तिथं वाळू होती तशीच होती. कैरीवाली म्हातारी एकदा बाजारात भेटली. हातानं काकीची उंची दाखवून, भुवया उडवून तिनं विचारलं, कुठं आहे? मी खांदे उडवले.

गेल्या थंडीत तात्या गेले. झोपेत गेले. मी पोचलो तो सगळं आवरलं होतं. दहावं झालं, माणसं पांगली, आणि सांज झाली तशी काकी सवयीनं परड्यात जाऊन बसली. तात्यांची खुर्ची रिकामी होती. मी खाली वाळूतच बसलो. तांब्या काकीच्या हातात होता, पण तिनं पाणी ओतलं नाही.

"दत्तू," ती म्हणाली, "काढली म्हण की रं आता. दगडं."

मी पायाजवळची वाळू सारखी करू लागलो.

"आरं खुळ्या, निम्मा तालुका तिथं भट्टी पेटवून बसलाय. तू गेलास, आन् दुसऱ्याच बाजाराला विट्यात एकानं सांगितलं, वाळू जिथल्या तिथं हाय, आंबंवाली बी हाय, तुमची वाट बगतीया म्हणून."

खोटं बोलताना मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. अवघ्या मुलखात आमचीच माणसं, आणि मी आमच्याच माणसाला समुद्र बुजवल्याचं सांगत होतो.

"मग तात्या का न्हाई आलं, काकी?"

"ह्ये म्हणलं, पोराची शाळा लागलीया तिथं. आपलं काय, दोन जीव, कुटं बी बसू. मी लय चिडले हुते. म्हणलं, त्याला तोंडावर इचारा. तर म्हणलं, न्हाई, सोनं वाईट न्हाई ते. भेसळ हाय थोडी. दर साली एकदा जरा तापवायचं. सुटंल आपसूक."

काकी हसली. मग पदरानं डोळे पुसले.

"लय तापवलं रं तुला. तू काय सुटंनास."

मी तिच्या पायाला हात लावला आणि रात्रीच्या गाडीनं निघालो. दुकान अजून माझ्याकडं आहे, चिमटाही. तात्यांना 'दगडं नव्हतीच' एवढं दोन शब्दांचं खरं उत्तर द्यायचं होतं, ते आता देता येत नाही. काकीला कालिकतला न्यायचं आहे, तिच्या चपला हातात धरून तिच्या मागं चालायचं आहे. ते अजून केलेलं नाही.