होरेस साहेबांसाठी खास सिनेमा

"शुक्रवारी रात्रीपर्यंत आपली बदली टळलीच म्हणून समजा!" राजाभाऊंनी जाहीर केलं. उल्कावहिनी कांदा चिरत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

राजाभाऊंच्या आखातातल्या कंपनीची एक साइट भर वाळवंटात, सौदीच्या सीमेजवळ होती. तिथं दोन वर्षांसाठी एक इंजिनियर जाणार होता : राजाभाऊ नाहीतर बाजीराव. ठरवणार होते नवे साहेब, मिस्टर होरेस. राजाभाऊंना बदलीच्या कल्पनेनंच झोप लागत नव्हती. मुलगी चैत्राली दहावीला, आणि आपण तिकडं वाळू मोजत बसायचं?

होरेस साहेब कृष्णवर्णीय अमेरिकन होते. तेवढ्या माहितीवर राजाभाऊंनी अमेरिकेतल्या भाच्याकडून डीव्हीडी मागवली. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबावरचा, चार मित्रांनी पदरमोड करून काढलेला सिनेमा! मराठी मंडळाला तो घरीच दाखवायचा आणि साहेबांना प्रमुख पाहुणे करायचं.

"स्वतःचं आयुष्य पडद्यावर बघून माणूस विरघळणारच!"

"बाबा, डिड यू इव्हन आस्क हिम, कुठून आलेत ते?" चैत्राली म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? दिसतंय की!"

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अल वक्रा शहरातल्या त्यांच्या घरच्या हॉलमध्ये मंडळ जमलं. शाल झाली, श्रीफळ झालं, मग परिचय. माहिती नाही म्हणून पाहुण्यांचा परिचय अडलाय, असं आपल्याकडं कधी झालेलं नाही. राजाभाऊ इंग्रजीत गरजले, "न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत, बंदुकीच्या गोळ्यांच्या आवाजात अभ्यास करून हा माणूस मोठा झाला!"

साहेब नारळ हातात धरून बघतच राहिले. त्यांना गहिवरून आलंय, असं राजाभाऊंना वाटलं.

सिनेमा सुरू झाला. आठव्या मजल्यावर एक लहानसं घर, बंद पडलेली लिफ्ट, म्हातारी आई आणि दोन भाऊ. थोरल्याची नोकरी गेलेली, धाकट्याला केशकर्तनालय काढायचंय. बस्स! अर्धा तास झाला तरी कुणी कुणाला धक्कासुद्धा मारला नाही.

"पिस्तूल कधी निघतंय?" बाजीराव कुजबुजले.

"निघेल हो!" राजाभाऊंनाही तीच चिंता होती.

निघाला तो फक्त वस्तरा, तोही दाढीसाठी. पण तोवर हॉल पेटला होता.

"लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, आठ जिने! ही तर आमची डोंबिवली!" उल्कावहिनी म्हणाल्या.

शेजारच्या हजराभाभी रत्नागिरीच्या. त्या पदर खोचून थोरल्याच्या बाजूनं उतरल्या. "थोरल्याचा काय चुकला? आईस कोन बगतंय? तोच ना?"

"आणि धाकट्यानं काय जन्मभर याचंच ऐकायचं?" त्यांचे यजमान फजलभाई उसळले. ते स्वतः धाकटे होते.

दोन तट पडले. शेवटी सिनेमा थांबवून सगळे पाहुण्यांकडं वळले. न्यूयॉर्कच्या माणसानंच निकाल द्यावा!

होरेस साहेब उठले. "न्यूयॉर्क मी एकदाच पाहिलंय," ते म्हणाले. "दोन दिवसांत डोकं उठलं. माझं गाव चारशे वस्तीचं. आम्ही भुईमूग पिकवतो. अभ्यासाच्या वेळी आवाज यायचा, पण तो कोंबड्यांचा! शहरातलं तुम्हीच मला सांगा."

काय हशा पिकला! राजाभाऊंना जमीन दुभंगावी असं झालं. काहीतरी करून सावरायलाच हवं होतं. नाशिकच्या भर बाजारात जन्मलेले राजाभाऊ ताडकन उठले.

"सर, मीपण तुमच्यासारखाच! मोकळं रान, शांतता, माणूस दिसायला नको! या शहरात जीव घुसमटतो माझा!"

उल्कावहिनींनी चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"मी दादरचा," बाजीराव नम्रपणे म्हणाले. "मला गर्दी नसली की ताप येतो, सर."

रविवारी ऑफिस उघडताच साहेबांनी राजाभाऊंना केबिनमध्ये बोलावून मिठीच मारली. "राजा, तिकडं कुणाला पाठवावं, या विचारानं मी हैराण होतो. शहरी माणसाला ती शिक्षाच! तू माझं ओझं उतरवलंस. गुरुवारी निघ."

घरी आल्यावर राजाभाऊंनी मान खाली घालून बातमी सांगितली. उल्कावहिनींनी शांतपणे माळ्यावरची मोठी बॅग काढली आणि त्यात एकट्या राजाभाऊंचे कपडे भरायला घेतले.

"आणि तुम्ही दोघी?"

"आम्ही कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माणूस दिसायला नको ना तुम्हाला?"