केक, बीट आणि लिफ्टची झडप

"तुमचेच मिस्टर ना ते? आमच्या लिफ्टमध्ये अडकलेत. नुसते पाय दिसताहेत," खोकल्याचं औषध घेता घेता गिऱ्हाईक म्हणालं, आणि औषधांच्या दुकानातल्या बाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली.

नवरा लिफ्ट मेकॅनिक. लिफ्टच्या छताला एक चौकोनी झडप असते, तिच्यातून तो वर गेला होता, म्हणजे निम्मा गेला होता. पोट खालीच राहिलं. शेवटी दोघांनी पाय धरून त्याला खाली ओढलं. त्याच्या साहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, "महिन्याच्या शेवटी माझ्यासमोर या झडपेतून वर जाऊन दाखवा. नाही जमलं तर ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्या."

नवऱ्याचं धाबं दणाणलं. हा माणूस घरातला फोन वाजला तरी न्हाणीघरात जाऊन बसायचा. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या म्हणजे त्याच्या जिवावरचं काम.

दोष कुणाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बायको करायची तो चॉकलेट केक, लोणी आणि साखर सढळ हाताने घातलेला.

"चहा सोडतो," नवरा म्हणाला. "भात सोडतो. तू म्हणशील ते सोडतो. केकचं तेवढं नाव काढू नकोस."

मग बायकोने पदर खोचला. साखरेऐवजी खजूर, मैद्याऐवजी ओट्सचं पीठ, लोण्याऐवजी दही आणि वर किसलेलं बीट. पहिला केक सुरीला दाद देईना. दुसरा मधोमध बसला. तिसरा मात्र दिसायला केकसारखा झाला. बायकोने चाखला आणि पाठ फिरवून तोंड वाकडं केलं. बीट ते बीटच, कोकोत बुडवलं तरी.

"छान झालाय," नवरा घाईघाईने म्हणाला. नावं ठेवली तर हाही बंद होईल, ही भीती.

दुकानातल्या सवयीने बायकोने डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'एक तुकडा. जेवणानंतर.'

पंधरा दिवसांनी नवऱ्याचा पट्टा एक भोक सरकला. पण भलत्याच बाजूला. बाहेर काही हादडतो की काय म्हणून बायकोने त्याची पिशवी हुंगून पाहिली. ग्रीसशिवाय कसलाही वास नाही.

उलगडा सासूबाईंनी केला. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "पोराला भूक काय लागतेय हल्ली, सूनबाई. सकाळी जेवून जातो. अकराला येऊन जेवतो. दुपारी जेवतो, पाचला जेवतो. रात्री तुझ्याबरोबर असतंच."

बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? केक जेवणानंतरच खायचा, तूच लिहिलंयस. एकदाही नुसता खाल्ला नाही. विचार आईला."

तो अगदी निरागसपणे बोलत होता. लिफ्टमध्ये लावलेल्या पाटीवरची सूचना देवाची आज्ञा मानणारा माणूस, त्याच्याशी काय भांडणार? बायकोने चिठ्ठी बदलली: 'एक तुकडा. रिकाम्या पोटी. आधी चार तास आणि नंतर चार तास काही खाऊ नये.'

आता सासूबाई ताट घेऊन उभ्या, आणि पोरगा घड्याळाकडे बघतोय.

"आई, अजून दीड तास."

"अरे, केक आहे का औषध?"

"वर लिहिलंय ना, आई."

सासूबाई सुनेशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण पट्टा मुकाट्याने उलटा सरकू लागला.

परीक्षेच्या दिवशी बायको अर्धी रजा टाकून लिफ्टच्या दारात येऊन उभी राहिली. साहेब हाताची घडी घालून आत. नवरा स्टुलावर चढला. डोकं गेलं. खांदे गेले. पोटाशी गाडी थांबली. नवऱ्याने भला मोठा श्वास सोडला, आणि बूट दिसेनासे झाले.

"साहेब," वरून आवाज आला, "आलोच आहे तर लिफ्टची तारही बघून घेऊ का?"

बायकोला रडूच आलं.

त्या संध्याकाळी तिने खरा केक केला. लोणी, साखर, मैदा, काही म्हणून कमी केलं नाही. नवऱ्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून महिनाभर रोज तीही हसत हसत बीट गिळत होती. आज दिवस सोन्याचा होता. पहिला तुकडा तिने नवऱ्याला दिला.

तो चावत राहिला. मग थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. बिघडलाय गं जरा."

"बिघडलाय? अहो, हा खरा आहे."

"नुसता गोडमिट्ट. बीटच लागत नाही कुठे." त्याने समजुतीच्या स्वरात डब्याचं झाकण लावलं. "असू दे, होतं एखाद्या वेळी. उद्या साहेबांना नेऊन देतो, आपल्या घरात नको."

बायको बंद डब्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. ते बघून नवऱ्याला गलबलून आलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला आणि किसणी शोधायला उठला. "बस तू. मी बीट किसून देतो."