हमीदभाईंनी सोडलेली गाठ

हमीदभाई कुठल्याही नव्या जमिनीवर चपला घालून पाऊल टाकत नसत. सौदीतल्या खफजीत नवा मॉल उघडला तेव्हा दारातच त्यांनी चपला काढून काखेत मारल्या आणि गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून पाहिली. पहारेकरी धावत आला. हमीदभाई त्याला मराठीत म्हणाले, "थांब जरा. पाय काय म्हणतो ते ऐकू दे." पायानं होकार दिल्यावरच ते आत गेले, आणि एक नेलकटर घेऊन बाहेर आले.

दाभोळ खाडीकाठच्या, बोटी बांधणाऱ्या घरातला हा माणूस. आम्ही दोघं एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाकडे होतो. खफजीजवळ वाळवंटात त्याचा कॅम्प होता. मी नाशिकचा, तिथला व्यवस्थापक, आणि हमीदभाई मेकॅनिक. मालकाला यंत्रांचा नाद. एकदा त्यानं कुठल्याशा बर्फाळ देशातून एक छोटं विमान आणलं, पायाशी लांब स्की लावलेलं. बर्फावर घसरतं ते वाळूवर का नाही घसरणार, असा त्याचा सवाल. स्कीच्या खाचेतून चाक जरासं खाली डोकावायचं. डांबरावर चाक धावायचं आणि मऊ वाळूत स्की तोलून धरायची. गंमत म्हणजे ते जमलं. मालक स्वतः उडवायचा आणि मनात येईल तिथे उतरायचा.

हमीदभाईंनी असलं विमान जन्मात पाहिलं नव्हतं, पण आठवड्याभरात त्यांनी त्याची होडी करून टाकली. विमानाचं नाक म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक; शेपटी म्हणजे सुकाणू. विमान उतरलं असं ते कधी म्हणत नसत. फोनवर मला विचारायचे, "साहेब, होडी लागली का?" दुसऱ्या मेकॅनिकांना वाटायचं, म्हातारा मासेमारीचा जोडधंदा करतो.

त्यांचा खरा अभिमान गाठींचा. उडताना स्कीचं टोक खाली झुकू नये म्हणून ते रबरी दोरानं वर ओढून बांधावं लागे. ती गाठ फक्त हमीदभाई मारत. एका फिलिपिनो मेकॅनिकनं ती पकडीनं सोडवायचा प्रयत्न केला, शेवटी कापली. हमीदभाई दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "पंचवीस वर्षांत माझी एक गाठ सुटली नाय वो," ते मला सांगत. "बायको आठवण काढते की नाय माहीत नाय, पण गाठ राहते."

मालकाला एकदा पाहुण्यांना किनाऱ्याजवळच्या खारट सपाटीवर विमान उतरवून दाखवायचं होतं. हमीदभाई नाराज होते. "हे आमचं खाजण हाय, साहेब. वर पापड, खाली चिखल." आदल्या दिवशी ते स्कीच्या कामात अडकलेले, म्हणून त्यांनी मला एक लोखंडी गज दिला. "सगळी पट्टी चाला. दर दहा पावलांना गज खुपसा. आणि बूट काढा."

मी बूट काढले नाहीत. ऊन मी म्हणत होतं. दोनशे पावलं चाललो, गज खुपसला, जमीन कडक लागली. आमच्याकडच्या काळ्या मातीवर वाढलेला मी. वाळून भेगाळलेली जमीन म्हणजे पक्की, एवढंच मला ठाऊक. उरलेली पट्टी मी गाडीत बसून बाजूच्या खडीवरून पाहिली, एसी लावून, आणि खुणेचे पांढरे टायर ठेवून आलो. हमीदभाईंनी विचारलं, "सगळी चाललात?" मी म्हणालो, "सगळी."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर विमान छान टेकलं, निम्मी पट्टी छान घसरलं, आणि मग डावी स्की पापडातून आत गेली. विमान नाकावर उभं राहिलं आणि सावकाश पाठीवर पडलं. मालकाचा हात मोडला. बाकी सगळे त्याला गाडीपाशी नेत होते. मी विमानाजवळच होतो. स्कीचा रबरी दोर जागच्या जागी ताठ होता. हमीदभाई गुडघ्यावर बसले, चिखलात उठलेली लांब खाच त्यांनी पाहिली, मग माझे बूट पाहिले. आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी ती गाठ सोडली.

मालक हात छातीशी धरून ओरडत होता, "जमीन कोणी पाहिली?" माझी मुलगी तेव्हा तिथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती, परीक्षा महिन्यावर. माझा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, गेला असता तर सगळ्यांनाच निघावं लागलं असतं. मी तोंड उघडलं असतं की नाही, मला आजही माहीत नाही. हमीदभाई आधी बोलले. "जमीन ठीक होती. गाठ माझी सुटली. टोक खाली गेलं, म्हणून रुतली."

"खलास," मालक म्हणाला.

आठवड्यात त्यांचा एक्झिट, म्हणजे कायमचं परत धाडण्याचा शिक्का लागला. कागदावर कारण लिहिलं होतं, मेकॅनिकचा निष्काळजीपणा. मी त्यांना विमानतळावर सोडलं, आणि तिथेही गप्प राहिलो.

यंदा मी दाभोळला गेलो. त्यांच्या ओटीवर, दोन्ही मुली आणि जावयांसमोर सगळं सांगितलं: मी चाललो नव्हतो, त्यांची गाठ सुटली नव्हती. मालकालाही तसंच पत्र लिहिलं आहे. असल्या माणसाबरोबर मी काम केलं, हे मी आता छाती काढून सांगतो. त्यासाठी माझी नाचक्की झाली तरी होऊ दे.

ऐकताना मुलींचे डोळे वडिलांवर होते. हमीदभाई मात्र वैतागले. "एवढ्या लांब हे सांगायला आलात? चहा घ्या."

मी विचारलं, "का केलंत तुम्ही असं?"

त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. मग मुली आत गेल्याचं पाहून हळूच म्हणाले, "या दोघी बारावीला होत्या तेव्हा मी तिकडे होतो. फोनवर पास झाल्या. म्हटलं, एखादी तरी पोर बापाच्या समोर पास होऊ दे."