पाण्यात पाहणं

महानंदाकाकूंच्या कॅलेंडरात सोमवार-मंगळवार नाहीत. तिथं एकच वार आहे, पाण्याचा. बाकीचे दिवस नुसते त्याच्या मागंपुढं उभे असतात. लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी गेलं की काकू तारीख विचारत नाहीत. बोटांवर मोजतात आणि म्हणतात, "पाण्याच्या दुसऱ्या दिवशी होय? मग येते की." लग्न पाण्याच्याच दिवशी निघालं म्हणून त्या सख्ख्या भाच्याच्या अक्षतांनाही गेल्या नाहीत. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ वारले, तेव्हा सगळे माणूस किती चांगला होता ते बोलत होते. काकू म्हणाल्या, "पाण्याच्या आदल्या दिवशी गेले बिचारे, घरात घागरभर तरी असंल का?" आणि दोन भरलेल्या घागरी घेऊन त्या घरी सगळ्यांच्या आधी पोचल्या.

जुळे सोलापुरात आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं. ते नेमकं किती वाजता येणार हे फक्त पालिकेच्या चावीवाल्याला आणि काकूंना ठाऊक असतं, आणि चावीवाला कधी कधी काकूंना विचारून घेतो. मी त्यांचा शेजारी. शाळेत नववीला मराठी शिकवतो, त्यामुळे काकूंच्या लेखी मी 'सर'. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि काकूंचा आवाज तिला जुमानत नाही.

काकूंच्या घरात जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीत दोन पिंपं, स्वयंपाकघरात अकरा घागरी, आणि वर 'असू दे' म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. नवं पाणी आलं की लोक जुनं ओतून देतात, शिळं झालं म्हणून. काकूंसमोर ते करून बघा. "पाणी शिळं होत नसतंय, माणूस होतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाइप लावून गाडी धुणाऱ्याचा नळ त्या सरळ त्याच्या अंगणात शिरून बंद करतात. एका साहेबांनी, तुम्ही कोण विचारणार, म्हणून आवाज चढवला. काकूंनी कमरेला पदर खोचला आणि उत्तर कानडीत दिलं. काकू कानडीत गेल्या की समजावं, आता माघार नाही. साहेब हल्ली गाडी ओल्या फडक्यानं पुसतात.

अशा बाईला अर्धी कॉलनी पाण्यात पाहणार, यात नवल नाही. पाण्यात पाहणे म्हणजे मनातून द्वेष करणे, हा वाक्प्रचार मी दरवर्षी शिकवतो. म्हणून काकूंचे यजमान शिवप्पाकाका जेव्हा माझ्याकडं येऊन हळूच म्हणाले, "सर, मला हिला एकदा पाण्यात बघायचंय," तेव्हा मी उठून आधी दार लावून घेतलं. काका एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले, 'असू दे की' यापलीकडं न बोलणारे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे काय निघालं?

"गळ्याइतक्या," काका म्हणाले. "लई नको. गळ्याइतक्या पाण्यात बसलेली बघायची. एकदाच."

मग सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून ते तिला समुद्र दाखवतो म्हणत होते आणि दर वेळी पाण्याचा वार आडवा येत होता. मी म्हटलं, कोकणात जा की, एका रात्रीचा प्रवास. काकांनी मान हलवली. कोकणातून ती पाण्याच्या वाराला एस.टी. धरून परत येईल, ते म्हणाले, जिथून एस.टी. नाही असं गाव बघा. त्यांचे मोहोळचे व्याही नुकतेच बालीला जाऊन आले होते. मी बाली शोधून दिलं. इंडोनेशियातलं बेट, चहूबाजूंनी पाणी, एस.टी. नाही.

काकूंना कळलं तेव्हा भिंतीपलीकडून तीन दिवस फक्त कानडी ऐकू येत होती. मे महिना, घशाला कोरड, आणि आठ दिवसांत पाण्याचे वार दोन. पण काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाय रोवला होता. तिकीट परत होत नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. काहीही वाया जाणं काकूंना सोसत नाही. चौथ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या आणि घराची किल्ली माझ्या हातावर आपटून म्हणाल्या, "आधी हौद, मग पिंपं, मग घागरी. घागरीला फडकं लावून भरायचं. आणि फोन उचलायचा."

पहिल्या पाण्याच्या वारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. पडद्यावर काकू होत्या, मागं नारळाची झाडं आणि निळाशार समुद्र. मी विचारलं, कसं आहे तिकडं? "मोबाइल पिंपाकडं धरा," काकू म्हणाल्या. पुढचा पाऊण तास एक मराठीचा शिक्षक हातात फोन घेऊन एका घागरीकडून दुसरीकडं धावत होता आणि बालीतून, भरलं, वाहूलालंय, नळ फिरवा, असे हुकूम सुटत होते. माझी बायको दारात उभी राहून हसत होती.

समुद्र कसा वाटला, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी आधी तळहातावर थोडं पाणी घेऊन चाखलं होतं. "एवढं थोरलं पाणी, आणि त्यात मीठ कालवून ठेवलंय. ना प्यायला, ना डाळ शिजवायला. बिनकामाचं." तेव्हापासून त्या समुद्राकडं पाठ करून बसत. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून मागं वळून बघत, आणि त्यांना बायकोचा अंबाडा दिसे. बोलवायला गेलं की उत्तर यायचं की मी सोलापूरची आहे, मला पाण्याचं कौतुक सांगू नका.

खरी लढाई खोलीत पेटली. न्हाणीघरात माणूस आडवा मावेल असा पांढरा टब होता. काकूंनी तो पहिल्याच सकाळी काठोकाठ भरला, उद्या नाही आलं तर म्हणून. चहाची किटली, पेले आणि बर्फासाठी ठेवलेली स्टीलची छोटी बादलीही भरली. साफसफाईला वायन नावाची चाळिशीची बाई यायची. तिनं टबाचं बूच काढलं. काकूंनी पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूच. तिसऱ्या दिवशी काकू टबासमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि "नीर चेल्लब्याड", पाणी सांडू नकोस, असं कानडीत बजावलं. वायन टबाकडं बोट करून हळूच म्हणाली, "आईर?"

काकूंना वाटलं, बाई आहेर मागते आहे.

काकूंना त्यात वावगं काही वाटलं नाही. तीन दिवस खोली झाडते, मागेल की. खण-नारळ त्या कुठंही जाताना बरोबर नेतात. नारळ विमानतळावर काढून घेतला होता, खण होता. वायनला खुर्चीत बसवून त्यांनी तिची ओटी भरली. कुंकू लावलं. ती बिचारी हात जोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात भात, फुलं आणि कसलीशी फळं घेऊन आली. परतीचा आहेर आला म्हणून काकू खूश. पण वायन पुन्हा टबापाशी जाऊन म्हणाली, "आईर." या वेळी तिच्या हातात दोन रिकामे कॅन होते.

तेव्हा काकांनी मोबाइलवर भाषांतराची सोय काढून तिला बोलायला लावलं. तिकडं पाण्याला 'आईर' म्हणतात. वायनचं घर हॉटेलच्या मागच्याच वस्तीत होतं. तिथली विहीर यंदा आटली होती आणि टँकर येईल तेव्हा येत होता. टबातलं पाणी सांडण्याऐवजी मी नेऊ का, एवढंच ती विचारत होती.

काकूंनी दोन्ही कॅन स्वतः भरून दिले. फोनवर मला सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. इतकी वर्षं त्यांना सगळ्यांनी वेड्यात काढलं, आणि त्यांचं म्हणणं न सांगता कळणारी बाई निघाली ती समुद्रापलीकडं. त्या दिवसापासून टब वायनचा झाला. हॉटेलचा एक माणूस चौकशीला आला तर काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. खोलीतलं पाणी आमचं, आम्ही टबात ओतू नाहीतर कॅनमध्ये, तुम्ही कोण विचारणार? हे त्यांनी मराठीत सांगितलं आणि त्याला ते कळलं.

सहाव्या दिवशी दुपारी मला काकांचा फोन आला. काकू वायनबरोबर तिचं घर बघायला गेल्या होत्या. ती न्हाई तवर सांगतो, म्हणाले.

सकाळी काकू आंघोळीला गेल्या आणि काका दाराबाहेर खुर्चीत बसले होते. आतून घरून नेलेल्या तांब्याचे आवाज आले, चार. मग दार उघडलं. काकांना वाटलं, पाणी गेलं. आत जाऊन बघतात तर भिंतीवर फवारा, टब काठोकाठ, आणि काकूंनी बर्फाच्या त्या बादलीत अर्धी बादली घेऊन कोपऱ्यात बसून आंघोळ उरकलेली. काकांनी विचारलं तेव्हा काकू सहज म्हणाल्या, मला तेवढंच लागतंय, सवय हाय. कधीपासूनची? तर लग्नापासूनची. गिरणीजवळच्या सासरच्या दोन खोल्यांत माणसं नऊ होती आणि सून शेवटची. मागं जे उरायचं ते तिचं. पुढं जुळे सोलापुरात स्वतःचं घर झालं, हौद झाला, टाकी झाली, माणसं दोनच उरली. नंबर तोच राहिला.

"सर," काका म्हणाले, "एकोणचाळीस वर्षं मी पहिला नंबर लावूलालोय. मागं किती उरतंय, एकदाबी विचारलं न्हाई." मी आपला, उद्या पाण्याचा वार आहे, मी सगळं बघतो, असं काहीतरी बोललो. मूर्खासारखं बोललो.

दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा, साडेसहाला आलं. मी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. हौद भरला, पुन्हा लावला. पिंपं भरली, पुन्हा लावला. पाण्याच्या वारी काकूंनी फोन उचलला नाही, हे सूर्य पश्चिमेला उगवण्यातलं होतं. काकूंना पोहता येत नाही, काकांनाही नाही, आणि काकांच्या डोक्यात ते गळ्याइतकं खूळ. मी घागरींना फडकं लावायचं विसरलो. बायकोनं धीर दिला, पण हसली नाही. साडेनऊपर्यंत मी त्यांच्याच ओसरीवर हातात फोन धरून बसलो होतो.

मग फोन आला. काकूच होत्या. केस मोकळे आणि ओले. इतक्या वर्षांत त्यांचे मोकळे केस मी पहिल्यांदा बघितले.

"गळ्यापर्यंत गेले," त्या म्हणाल्या. जणू मी वाद घालणार आहे अशा आवाजात म्हणाल्या. "दोन तास बसले. तो किनाऱ्यावरचा शिट्टीवाला पोरगा बोलवूलाला, नाश्ता संपला म्हणून माणूस आला, न्हाई उठले. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

झालं होतं असं. सकाळी काका म्हणाले, आज तू आधी टबात बस. काकूंनी साफ नाही म्हटलं. ते वायनचं पाणी, त्यात मी अंग बुडवू? फवाऱ्याखाली उभी राहा म्हटलं, तर सांडणं जमत नाही. काकांनी मग वाद घातला नाही. हाताला धरून समुद्रापाशी नेलं आणि म्हणाले, "हे पाणी कुणाच्याच वाटणीचं न्हाई. प्यायला येत न्हाई, भरून ठेवता येत न्हाई. तू कितीबी घे, मागं कुणाला कमी पडत न्हाई." काकूंनी पदर खोचला आणि एकट्या चालत आत गेल्या, वाळूत बसल्या, आणि पाणी गळ्याशी आलं तरी उठल्या नाहीत. काका मागं, गुडघाभर पाण्यात काकूंची चप्पल हातात धरून उभे होते.

घरचं सगळं भरलं, मी सांगितलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि फोन काकांकडं देऊन केस वाळवायला गेल्या.

"सर, एक विचारू का," काका म्हणाले. "तुमच्या घरात शेवटची आंघोळ कुणाची असती?"

मला उत्तर माहीत होतं. पण सांगायची लाज वाटली. परत कधी येताय, असं काहीतरी विचारून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं नेहमीसारखी हाक मारली, पाणी काढलंय, आटपून घ्या. मी म्हटलं, तू आधी कर, पूर्ण बादली घे, मी थांबतो. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.